जेवणाच्या टेबलावरचं ऱ्होड्स

त्या हिवाळ्यात, म्हणजे न्यूझीलंडच्या जून-जुलैत, आमच्या लोअर हटच्या घरात जेवायला जागा नव्हती. टेबल होतं, चांगलं सहा माणसांचं, पण त्यावर ऱ्होड्स पसरलेलं असायचं. ऱ्होड्स म्हणजे ग्रीसचं एक बेट आणि त्या बेटावरचं त्याच नावाचं जुनं तटबंदीचं गाव. हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर उभं राहून मी सहाला घरी यायची, तेव्हा बूट काढायचंसुद्धा त्राण नसायचं. आणि दारातूनच बाबांचा आवाज यायचा, "अगं, पिशवी तिथं ठेवू नकोस! तिथं मशीद आहे!"

"मग वरणाचं पातेलं कुठं ठेवू, बाबा? तटावर?"

"तटावर नको, खंदकात ठेव," बाबा म्हणायचे आणि दोन फोटो चार बोटं इकडे सरकवायचे. तेवढ्या जागेत पातेलं काय, वाटीसुद्धा मावली नसती.

शेवटी आम्ही तिघं, मी, माझी बारा वर्षांची मुलगी आणि बाबा, सोफ्यावर मांडीत ताटं घेऊन जेवायचो. नवरा सोमवार ते शुक्रवार ऑकलंडला कामाला, त्यामुळे कटकट ऐकून घ्यायलाही कोणी नाही. चिडचिड व्हायची. पण खरं सांगायचं तर तो पसारा मला हवा होता. फार हवा होता.

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून इथं घेऊन आले होते. मी एकुलती एक, दुसरं कोण बघणार? बाबांच्या कायमच्या राहण्याचा अर्ज केला होता आणि आता फक्त मेडिकल, म्हणजे डॉक्टरांची तपासणी, राहिलं होतं. रक्तदाब ठीक, साखर ठीक, पंचाहत्तरीचा माणूस मागची टेकडी न थांबता चढायचा. एकच गोष्ट होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. दुधाची बाटली कपड्यांच्या कपाटात सापडायची. डेअरीवर, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, ब्रेड आणायला गेलेले बाबा तासाभरानं रिकाम्या हातानं परत यायचे आणि "चक्कर मारून आलो" म्हणायचे. हे विसरणं कसलं, ते कळायला मला डॉक्टर नको होता. त्यावरच्या गोळ्या मी रोज लोकांना देत होते, कशा घ्यायच्या ते समजावत होते. आणि मेडिकलमध्ये हे निघालं की अर्ज संपला, हेही माहीत होतं. मग बाबा परत पुण्याला, बंद फ्लॅटचं कुलूप काढून, एकटे.

म्हणून तो पसारा. जो माणूस दोन-तीनशे वर्षांपूर्वीचा दगडावरचा लेख वाचतो त्याची बुद्धी शाबूतच असणार, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा बजावत होते.

बाबांची सगळी नोकरी एका सरकारी दफ्तरखान्यात गेली. जुने मोडी आणि फारसी कागद वाचायचे, तारीख लावायची, सनद खरी की बनावट ते सांगायचं. कोर्टातून बोलावणं यायचं. 'अक्षर लागलं', म्हणजे वाचता आलं, आणि 'अक्षर लागत नाही' ही त्यांची दोनच मापं, तीच माणसांनाही लावायचे. माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी म्हणाले होते, "जावई चांगला आहे गं, पण मला अजून नीट लागला नाही."

तर ऱ्होड्स आमच्या टेबलावर आलं ते लिंबांमुळे. कुंपणापलीकडे एक ग्रीक आजी एकट्या राहायच्या. त्यांच्या झाडाची लिंबं आमच्या बाजूला पडायची आणि आम्ही ती बिनदिक्कत सरबतात पिळायचो. बाबांना हे कळलं मात्र, टोपलीभर लिंबं गोळा करून ते परत द्यायला निघाले. "बाबा, इथं असं कोणी करत नाही हो," मी म्हटलं. कसचं काय! गेले. अर्धा तास झाला, तास झाला. शेवटी मी घरातल्या जँडल्सवरच, रबरी चपलांवरच, धावले. बघते तर बाबा आजींच्या दिवाणखान्यात भिंतीवरच्या एका फोटोसमोर उभे, चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ काचेला टेकलेलं, आणि मोठ्यानं वाचतायत, "साहिबुल खैरात..." आजी खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरले होते.

फोटो एका दगडी पाणपोईचा होता. कमान, खाली तोटी आणि वर संगमरवराच्या पाटीवर कोरलेली अरबी अक्षरं. साहिबुल खैरात म्हणजे हे दान करणारा, बाबांनी सांगितलं. आजींचं लहानपण ऱ्होड्सच्या तटाच्या आत गेलं होतं आणि ही पाणपोई त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होती. अठरा वर्षं त्या तिथं बादली भरत होत्या, मग लग्न होऊन न्यूझीलंडला आल्या. पाटीवर काय लिहिलंय ते घरात कोणालाच कधी वाचता आलं नाही. "माझी आजी त्या दगडाकडं बघायचीसुद्धा नाही, तुर्कांचा म्हणून," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र तिथलंच प्यायची."

"म्हणजे तुमची आजी पुण्याची!" बाबा म्हणाले. आजींना काही कळलं नाही, पण त्या हसल्या.

त्यांच्या दिवंगत नवऱ्याला फोटोंचा नाद होता. दर काही वर्षांनी गावी गेले की ते तटाच्या आतल्या तुर्की खुणा टिपत हिंडायचे. ती फोटोंची पेटी आजींनी बाहेर काढली आणि ठरलं, की दर मंगळवारी दुपारी आजी थोडे फोटो घेऊन आमच्याकडं येणार, बाबा वाचणार आणि वहीत लिहून ठेवणार. त्यातून नातवंडांसाठी एक पुस्तक करायचं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं. आजी बाबांना प्रोफेसर म्हणायच्या. बाबांनी एकदाही तसं नसल्याचं सांगितलं नाही, एरवी इतके खऱ्याचे!

सुपरमार्केटच्या जाहिरातींचे कागद उलटे करून, चिकटपट्टीनं जोडून बाबांनी टेबलाएवढा नकाशा केला. ख्रिस्ती सरदारांनी बांधलेला तट, त्याला दरवाजे. तुर्कांनी बेट जिंकलं आणि जवळजवळ चारशे वर्षं ठेवलं, ते सगळं तटाच्या आत. आजी बोटानं रस्ता दाखवायच्या आणि बाबा त्या जागी फोटो ठेवायचे. चढावरच्या बाजाररस्त्याच्या टोकाला गुलाबी मशीद. तिच्यासमोर छोटंसं ग्रंथालय, आत हस्तलिखितं. हे ऐकून बाबा अस्वस्थच झाले. "आत कोण आहे वाचणारं? वाळवी लागली असेल तर?" जणू उद्या सकाळी सायकल काढून तिथं जाणार होते. मग हमाम, तिथं आजींची आई शनिवारी पोरांना आंघोळीला न्यायची. घरांना रस्त्यावर आलेले लाकडी बंद सज्जे, बायकांना न दिसता सगळं बघता यावं म्हणून. एका पडक्या मशिदीत चुना खरवडल्यावर खालून जुन्या चर्चमधले संत निघाले होते, अर्धे चेहरे, एक डोळा. तो फोटो हातात घेतला की आजी छातीवर क्रूस काढायच्या आणि बाबा तेवढा वेळ गप्प बसायचे.

तटाबाहेर तुर्कांचं कबरस्तान. पुरुषांच्या कबरीच्या दगडांवर कोरलेले फेटे, बायकांच्या दगडांवर फुलं. हुद्दा मोठा तसा फेटा मोठा. "मेल्यावरसुद्धा फेटा उतरवत नाहीत!" बाबा खूष. मुलगी शाळेतून आली की तिला हे दाखवणं आलंच. ती मिठाची आणि मिऱ्याची बाटली मिनार म्हणून उभी करायची आणि म्हणायची, "दिस इज हीप्स बेटर दॅन माय होमवर्क, आजोबा." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून. बाबांना तीही लागत नव्हती, पण तिच्यावर जीव होता.

बाबा वाचायचे कसे, तर दगडावरची भाषा तुर्की. ती त्यांना येत नाही. पण त्यात अरबी-फारसी शब्द इतके की बाबांना त्यावरून वाट काढता यायची. जिथं वाट सापडत नसे तिथं वहीत टिंबं आणि पुढं स्वच्छ अक्षरात, 'येथे तीन शब्द लागत नाहीत.' अंदाजानं ठोकून देणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी वही उघडून ती टिंबं बघायची आणि मला बरं वाटायचं. ज्याला काय येत नाही ते कळतं, त्याला काय धाड भरलीय?

आणि मग सालांची भानगड निघाली. एका मंगळवारी मी लवकर आले होते, आवरताना एका पाणपोईचा फोटो उलटा झाला. मागं आजींच्या नवऱ्यानं पेन्सिलनं इसवी सन लिहिलेला. बाबांच्या वहीत त्याच पाणपोईपुढं वेगळाच. मी दुसरा बघितला, तिसरा बघितला. प्रत्येक ठिकाणी बाबांचं साल दहा-पंधरा वर्षांनी पुढं. रात्रीची खिचडी लागली ते कळलंसुद्धा नाही.

पण मग वहीच्या समासातली आकडेमोड बघितली आणि मला हसूच फुटलं. दगडावर हिजरी सन असतो. त्याचा इसवी सन काढायचा तर चांगलीच कसरत आहे, ते वर्ष चांद्र, आखूड. आणि बाबांनी सगळीकडं सरळ सहाशे मिळवले होते! ही मराठी दफ्तरातली सवय. आपल्या जुन्या कागदांत सुहूर सन असतो, त्यात सहाशे मिळवले, क्वचित एखादं कमी, की इसवी सन हातात. चाळीस वर्षं बाबांनी दिवसाला वीस वेळा तेच केलं होतं. अख्ख्या ऱ्होड्स बेटावर ही चूक फक्त आपल्याकडचा दफ्तरी माणूसच करू शकला असता. हा आजार कसला डोंबलाचा, ही तर सवय!

मी बाबांना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! तुर्की सुलतानाला पेशव्यांच्या दप्तरात बसवला की मी!" इतके हसले की ठसका लागला. मग रबर घेऊन बसले आणि झोपायच्या वेळेपर्यंत सगळी सालं दुरुस्त केली, अगदी बरोबर, कागदावर पायऱ्या मांडून. त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

पुढच्या मंगळवारी बाबांनी पुन्हा सहाशे मिळवले.

मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! तुर्की सुलतानाला पेशव्यांच्या दप्तरात बसवला की मी!" तेच शब्द, तेच हसू, तोच ठसका. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मुलगी झोपल्यावर मी ती वही पहिल्यापासून वाचली. तोवर नुसती चाळत होते, टिंबं बघून समाधान मानत होते. आता पानामागून पान नीट वाचलं. 'आज नवीन दगड मिळाला. गल्लीच्या तोंडाशी पाणपोई, संगमरवरी पाटी, सहा ओळी.' पुढं वीसेक पानांवर, 'आज नवीन दगड मिळाला. गल्लीच्या तोंडाशी पाणपोई.' पुढं पुन्हा. तीच पाणपोई पाच वेळा, प्रत्येक वेळी नवीन. पहिल्या खेपेला बाबांना सहातल्या पाच ओळी लागल्या होत्या. बांधणाऱ्याचं नाव, पाणी पिणाऱ्यानं त्याच्या आईसाठी दोन शब्द प्रार्थनेचे म्हणावेत, सगळं. दुसऱ्या खेपेला तीन ओळी. पाचव्या खेपेला नुसतं साहिबुल खैरात आणि सन, बाकी सगळी टिंबं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून सरळ आजींच्या दारात. कोट न काढता विचारलं, "तुम्ही त्यांना तेच फोटो परत परत देताय?"

"पेटी मे महिन्यातच संपली," आजी म्हणाल्या. "प्रोफेसर म्हणाले, नवीन आहे का काही? मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली."

"आणि मला सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला. "मी त्यांची मुलगी आहे! मी फार्मसिस्ट आहे!"

"माझ्या नवऱ्याचंही असंच झालं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीन वर्षं मी त्याच्या चुका काढत बसले. तारीख चुकली, नाव चुकलं, तू हे आत्ताच बोललास. तो माझ्याशी बोलायचाच बंद झाला. प्रोफेसरांशी मला तसं करायचं नव्हतं. आणि तुला काय सांगू? तू रोज सहाला येतेस, तुझ्याकडं बघवत नाही मुली, इतकी दमलेली असतेस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

माहीत होतंच की. मी तिथंच त्यांच्या पायरीवर बसले आणि रडले. राग त्यांचा नव्हता, बाबांचाही नव्हता. मी इतकी थकले होते की मला नुसतं कोणीतरी खोटं सांगायला हवं होतं. आजी लिंबाच्या गरम पाण्याचा कप घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

मेडिकलचा फॉर्म भरायचा दिवस शनिवार. नवरा मुलीला नेटबॉलला घेऊन गेला होता. आदल्या आठवड्यात त्याला सगळं सांगितलं होतं, तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." म्हणजे निर्णय माझ्याच गळ्यात. टेबलाच्या एका कोपऱ्यातून कबरस्तान बाजूला सारून मी फॉर्म मांडला. बाबा समोर, वही घेऊन. अर्जदारानं स्वतः द्यायची उत्तरं होती, मी वाचत होते आणि बाबांच्या वतीनं खुणा करत होते. क्षयरोग? नाही. हृदयविकार? नाही. मधुमेह? नाही. मग आला तो प्रश्न. स्मरणशक्तीची काही तक्रार? तो मी वाचलाच नाही. गपचूप 'नाही'वर खूण केली आणि पुढं गेले. डॉक्टर दहा मिनिटं बघणार, बाबा छान गप्पा मारतात, फेटे आणि मिनार सांगतील, निभून जाईल. मी सगळा हिशेब केला होता.

"एक राहिला," बाबा म्हणाले.

"काय?"

"मधला एक प्रश्न वाचला नाहीस तू. बघू इकडं."

उलटा कागद वाचणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. माझ्या सख्ख्या मामानं एकदा वाड्याच्या भानगडीत एक सनद पुढं केली, तेव्हा कोर्टात उभं राहून बाबांनी ती बनावट असल्याचं सांगितलं होतं. आई वर्षभर धड बोलली नव्हती. तो माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला फसवायला निघाले होते.

"बाबा, द्या तो इकडं. आता उगाच घोळ घालू नका."

"खूण चुकलीय."

"चुकली नाहीये! माणसं विसरतात, मीसुद्धा विसरते!" मी ओरडलेच. "हो म्हटलं तर तुम्हाला इथं राहता येणार नाही, कळतंय का? तिकडं कोण आहे तुमचं? तुम्हाला राहायचंच नाहीये का माझ्याजवळ?"

बाबांनी चष्मा काढला आणि पुसला. "राहायचंय. फार राहायचंय. ती पोरगी अजून मला लागली नाही नीट." मग वहीवर हात ठेवला. "दुधाची बाटली कपाटात कोण ठेवतं, मला वाटायचं तू. तू दमलेली असतेस. पण ही वही मी काल वाचली. एकच दगड पाच वेळा आहे, प्रत्येक वेळी नवीन म्हणून. मला एकही खेप आठवत नाही. पण अक्षर माझंच आहे, बाळ. माझं अक्षर मला ओळखू येतं."

"मी खोटं बोलीन. तुम्ही नका बोलू. सगळं माझ्यावर," मी म्हटलं. हात जोडले मी त्यांच्यापुढं.

"कागदावर सही माझी आहे ना?"

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. माझी खूण एका रेघेनं खोडली, शेजारी 'हो'वर केली. खोडल्याच्या बाजूला दफ्तरातल्यासारखी आपली आद्याक्षरं घातली, दुरुस्ती कोणी केली ते कळावं म्हणून. खाली सही केली आणि तारीख घातली. मी पाण्यानं भरलेल्या डोळ्यांनी ती तपासली. दिवस, महिना, वर्ष, सगळं बरोबर होतं.